पेटीवाल्या टीचरला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लग्नात, बसमध्ये, शाळेच्या ऑफिसात, आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सगळीकडं मला तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच सांगते. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. मी बेळगावची, माहेर खानापूर तालुक्यात, आणि गेली बरीच वर्षं अर्धा आठवडा एका छोट्या म्युझियममध्ये आणि अर्धा आठवडा शाळाशाळांत जुन्या वस्तूंची पेटी घेऊन फिरते. मराठी शाळा, कन्नड शाळा, उर्दू शाळा, बोलावतील तिथं.

तुम्ही नेमकं करता काय हो?

जुन्या वस्तू पोरांसमोर ठेवते आणि त्यांना बोलतं करते. एवढंच. आईला अजून वाटतं मी म्युझियममध्ये तिकीट फाडते.

म्हणजे गाईड?

नाही वो. गाईडला सांगायचं असतं, मला विचारायचं असतं. गाईड म्हणणार, हे अमुक शतकातलं, हे तमुक राजाचं, चला पुढं. मी तिथंच वीस मिनिटं थांबते. एका वर्गाला मी पूर्ण म्युझियम कधीच दाखवत नाही, तीन वस्तू, फार तर चार. सोबत आलेले सर घड्याळ बघत असतात आणि हळूच म्हणतात, "मॅडम, वरचा मजला राहिला की." राहू दे सर. वरचा मजला कुठं पळून जात नाही.

पोरांना विचारता काय?

तीनच प्रश्न. काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? अजून काय? कन्नड शाळेत तेच, "एन काणस्तद?" आणि शेवटी "मत्ते?" ही काही माझी अक्कल नाही. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमचा शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि अॅबिगेल हाउसन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई, या दोघांनी मिळून ही पद्धत बसवली, चित्रांसाठी. मी ती मापट्याला आणि अडकित्त्याला लावते. अवघड आहे ते प्रश्नानंतर गप्प बसणं. पोरं पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच बोलत नाहीत, मग शिक्षकांना राहवत नाही आणि ते मागनं उत्तर सांगून टाकतात, की झालं, वर्ग मेला. मी आता आधीच हात जोडून सांगते, सर, टीचर, तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण आज सांगायचं नाही.

त्या पेटीत असतं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, बसमध्ये तर कंडक्टरपण विचारतो. पत्र्याची ट्रंक आहे, आजीची. आत पितळेचं मापटं, चिपटं आणि शेर, अडकित्ता, भोकाचा पैसा, बोरू आणि दौत, एक मंगळुरी कौल (कौलाची गोष्ट खाली आहे, जरा लाज वाटण्यासारखी आहे), पानाची चंची, आणि एका वीरगळाचा (लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) मोठा फोटो, कारण वीरगळ काय ट्रंकेत मावत नाही.

मापट्यावर पोरं सगळ्यात जास्त बोलतात. आधी म्हणतात ग्लास, मग म्हणतात कुंडी, मग एखादी पोरगी मागनं उठते, "टीचर, हे आमच्या आज्जीकडं हाय की, तांदूळ मोजत्यात." मग मी तांदळाची पिशवी काढते. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. मग एका पायलीत चिपटी किती? गणितात मागं असलेली पोरं इथं पुढं येतात, कारण तांदूळ ओतून बघता येतो, सोळा येतात. १९५८ मध्ये किलोग्रॅम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत ही मापं बाजारातून कायद्यानं गेली, पण आमच्याकडं अजून भात पायलीनं मोजणारी म्हातारी माणसं आहेत आणि त्यांच्यापुढं मी गप्प बसते.

भोकाचा पैसा म्हणजे १९४३ ते १९४७ दरम्यान पाडलेलं एक पैशाचं नाणं, मधोमध भोक असलेलं. रुपयाला ६४ पैसे होते तेव्हाचं. विचारते, भोक का पाडलं असेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात, दोऱ्यात ओवायला, उंदरानं खाल्लं, सरकारकडं पैसे नव्हते. तिसरं उत्तर जवळजवळ बरोबर असतं, महायुद्धात तांब्याचा तुटवडा होता, भोकाएवढं तांबं वाचलं. आणि पहिलं उत्तरपण चूक नाही, बाळाच्या करगोट्यात हा पैसा ओवलेला मी स्वतः बघितलाय. एका नाण्यावर एक तास कसा जातो म्हणता, असाच जातो.

मराठीत शिकवता की कन्नडमध्ये?

शाळा मराठी तर मराठीत, कन्नड तर माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, उर्दू शाळेत दखनी हिंदीत. पण खरं सांगू का, वर्गात एकच भाषा कधी नसतेच. वडगावच्या वर्गात बसलेलं पोरगं घरी एक बोलतं, गल्लीत दुसरं, आणि टीचरशी तिसरं. सुरुवातीला मला याचं टेन्शन यायचं, आता तोच माझा धडा झालाय.

अडकित्ता घ्या. मी तो वर धरते आणि नाव सांगत नाही. मराठी पोरं म्हणतात अडकित्ता, कन्नड पोरं अडकोत्तु किंवा अडकत्तरी, उर्दू शाळेतली सरौता. मग विचारते, अडकित्त्यातला "अडकि" कोण? मराठीत तर आपण सुपारी म्हणतो. वर्ग गप्प. मग कन्नडवाला एक जण ओरडतो, "अडकी अंद्र सुपारी री!" म्हणजे इतकी वर्षं मराठी घरातनं जो अडकित्ता आहे त्याच्या पोटात कन्नड सुपारी बसलीय. तसंच तूप, कन्नडमध्ये तुप्प. अक्का, अण्णा. आणि वीरगळ, त्यातला गळ म्हणजे कन्नड कल्लु, दगड. हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघायला पाहिजेत, एकमेकांच्या खिशात हात घातल्यासारखं करतात. घरी जाऊन आईला सांगतात आणि काही आया दुसऱ्या दिवशी भांडायला येतात की आमचा शब्द त्यांचा कसा. येऊ देत. भांडणसुद्धा अभ्यासच आहे.

वीरगळ कसा शिकवता? आमच्या गावात पण आहे, लोक तेल घालतात.

तेल घालू देत, त्यानंच टिकलाय तो. आमच्या भागात शेताच्या बांधावर, देवळामागं असे दगड खूप आहेत आणि पोरं रोज त्यांच्यावर दप्तर टेकवतात. गंमत अशी की वीरगळ खालून वर वाचायचा असतो आणि पोरं (मोठी माणसंपण) वरून खाली वाचतात, मग गोष्टच उलटी होते, देवाजवळचा माणूस उठून भांडायला गेला असं होतं. खालच्या पट्टीत लढाई, कधी गाई पळवणाऱ्यांशी. मधल्या पट्टीत अप्सरा त्या वीराला घेऊन वर चालल्यात. वर तो शिवलिंगाजवळ बसलाय. आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य, ते आहेत तोवर याचं नाव राहू दे म्हणून.

मी यातलं काहीच सांगत नाही. फोटो लावते आणि म्हणते, खालनं सुरू करा. खानापूरकडच्या एका शाळेत चौथीतली पोरगी म्हणाली, "खाली मारामारी, मधी त्याला घेऊन जायल्यात, वर देवाजवळ बसलाय." एवढ्यात संपवलं तिनं. मला पुस्तकातनं हे समजायला कॉलेज लागलं होतं. मग मी विचारलं, आणि याच्या गाई कुणी राखल्या नंतर? त्यावर ती म्हणाली, "त्याच्या बायकोनं." त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजून नाही.

वस्तूंना हात लावू देता? फुटत नाहीत?

पेटीतल्या वस्तूंना हो, म्युझियममधल्या कपाटातल्या वस्तूंना नाही. पेटीतल्या वस्तू त्यासाठीच वेगळ्या काढलेल्या आहेत. एक दौत फुटली, एकदाच, आणि ती माझ्याच हातनं. धातूच्या वस्तू धरताना हातमोजे, कारण हाताच्या घामानं धातूवर डाग पडतात आणि ते नंतर जात नाहीत. जुन्या कागदाला मात्र हातमोजे नकोत, मोज्यात बोटाला कळत नाही आणि कागदाचा कोपरा तुटतो, स्वच्छ कोरडे हात बरे. हे पोरांना सांगितलं की ती आधी नळावर पळतात आणि ओलेच हात घेऊन येतात.

बेळगावात म्युझियम आहे कुठं? पोरांना कुठं न्यायचं?

मोठं, एका दिवसात न संपणारं म्युझियम इथं नाही. पण किल्ला आहे, आणि किल्ला म्हणजे उघडं म्युझियम. एकाच तटाच्या आत जैन बसदी (म्हणजे जैनांचं देऊळ), दुर्गेचं देऊळ, साफा मशीद, रामकृष्ण आश्रम आणि सैन्य, हे पोरांना चालत दाखवलं की सामाजिक शास्त्राचे दोन धडे आपोआप होतात.

कमल बसदी माझी सगळ्यात लाडकी. १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली, आत नेमिनाथांची मूर्ती. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय. तिथं मी पोरांना सांगते, मान वर करून पाकळ्या मोजा. कुणाच्या ६८ येतात, कुणाच्या ७५, माना दुखायला लागतात, भांडणं होतात. आहेत ७२. मग विचारते, ७२ च का? तीर्थंकर २४, आणि भूतकाळाचे, आत्ताचे, पुढं होणारे असे तीन वेळा २४. पाढा म्हणतानाच पोरांच्या लक्षात येतं.

बाकी टिळकवाडीत वीरसौध आहे, काँग्रेसच्या अधिवेशनाचं स्मारक. गांधीजी आयुष्यात काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच, डिसेंबर १९२४ चं बेळगावचं. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात, आणि पोरांना फोटोंपेक्षा विहीरच आवडते, आत वाकून बघायचं असतं त्यांना. रिसालदार गल्लीत विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये राहिले ते घर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं पण म्युझियम आहे, त्याला आधी परवानगी काढा. धारवाडच्या रस्त्याला कित्तूर, किल्ल्याच्या आवारात म्युझियम. खानापूरच्या पुढं हलशी, कदंब राजांची जुनी पलाशिका ती हीच. तिथल्या भूवराह-नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, पोरं मधे उभी राहून दोन्हीकडं आळीपाळीनं नमस्कार करतात आणि कुणाकडं पाठ करायची यावर अडकतात.

आणि जमलं तर कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदताना सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती, रोमन काळातली. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा देव काय करत होता, यावर पोरं गाडी निपाणीला येईपर्यंत बोलत असतात.

हे आपलं की त्यांचं, असं पोरं विचारतात का?

विचारतात. पोरांपेक्षा पालक जास्त. इथं भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, मी ते उगाळत बसत नाही. पण टाळतपण नाही. बसदीचा लेख कन्नडमध्ये आहे, आहे. कित्तूरच्या चन्नम्मा राणीचं माहेर काकती, आपल्या बेळगावला लागून. तिच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ती १८३१ साली नंदगडला, खानापूर तालुक्यात, जिथं घराघरात मराठी बोलतात आणि त्याच्या समाधीला नवस बोलतात. शिवाजी महाराज दक्षिणेतनं परत येताना मराठ्यांच्या फौजेशी बेळवडीची मल्लम्मा लढली, आणि धारवाडजवळ यादवाडच्या दगडात महाराजांसोबत कोरलेली बाई तीच असं तिकडचे लोक सांगतात. आता हा दगड कुणाचा म्हणायचा? एका पोराचं उत्तर होतं, "ज्याच्या शेतात हाय त्याचा." मी फळ्यावर लिहून ठेवलं तसंच.

मग आपला दगड लंडनला आहे म्हणतात ते खरं?

खरं. किल्ल्यातल्या त्याच रट्टांच्या जिनालयाचे दोन शिलालेख, शके ११२७ चे, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते वाचूनच बिचिराज, कार्तवीर्य वगैरे नावं आपल्याला नीट कळली, आणि बेळगावचं जुनं नाव वेणुग्रामपण. सातवीच्या वर्गात हे सांगितलं की दोन गट पडतात, परत आणा आणि राहू दे तिथं नीट ठेवलाय. मी दोन्ही गटांना कागद देते, पाच कारणं लिहा. "परत आणा"वाल्यांना विचारते, आणला तर ठेवणार कुठं, आणि मग ते बेळगावात म्युझियम कुठं बांधायचं याचा नकाशा काढायला लागतात. असे नकाशे माझ्याकडं भरपूर जमलेत. एकात पार्किंग म्युझियमपेक्षा मोठं आहे.

तुमच्याकडनं कधी चुकलंय?

कौल. सांगते. पेटीतल्या मंगळुरी कौलावर इंग्रजीत १८६५ छापलंय. मी दोन वर्षं शाळाशाळांत छाती काढून सांगत फिरले की हे कौल १८६५ चं आहे, एवढं जुनं, हळू धरा. मग एका शाळेतला सहावीतला पोरगा म्हणाला, "टीचर, आमच्या गोठ्यावर पण ह्योच नंबर हाय, आणि गोठा आमच्या आजोबांनी बांधलाय." घरी येऊन शोधलं. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, कौलावर ते छापायचे. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर कंपनीचं साल असतं तसं. बिस्किट काय त्या सालचं नसतं. पुढच्या आठवड्यात त्या शाळेत परत गेले, सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तुझं बरोबर. आता कौलाचा धडा तिथनंच सुरू करते, वस्तूवर लिहिलेलं सगळं खरं असलं तरी आपण वाचतो ते खरं असेलच असं नाही.

रोजचा दिवस कसा जातो?

धावपळीत. सकाळी पेटी, पिशवीत तांदूळ, सेंट्रल बसस्टँड. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली २०२३ च्या जूनमध्ये, ती योजना माझ्यासारखीला लॉटरीच आहे, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी कुठंही जा, आधार दाखवा, झालं. फक्त पेटीवरनं कंडक्टरशी वाद होतो. कोल्हापूरच्या बसला मात्र तिकीट. शाळेत पोचलं की दूध वाटप चालू असतं, ते संपेपर्यंत थांबायचं. मग हेडमास्तर म्हणतात मॅडम पोर्शन राहिलाय, अर्धा तासच देतो. एका शाळेनं तर मला पी.टी.च्या पिरियडला घातलं आणि पोरं माझ्यावर इतकी चिडली होती की मी पेटी उघडलीच नाही, त्यांच्याबरोबर लगोरी खेळले आणि पुढच्या वेळी लगोरीच घेऊन गेले, दगड एकावर एक कसे बसतात ते किल्ल्याच्या तटाशी जोडता येतं. जुलैमधे पाऊस असला की वर्गात अंधार, कौलावर पावसाचा आवाज, काही ऐकू येत नाही. तेव्हा चंची फक्त हातातनं हातात फिरवते. तंबाखूचा वास अजून आहे तिच्यात. निपाणीकडच्या शाळेत पोरांनी तो वास घेताच ओळखला.

यासाठी शिकावं काय लागतं?

डी.एड. किंवा बी.एड. असेल तर शाळेत उभं राहायला बरं. म्युझियमचं शास्त्र शिकायचं तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी विभाग आहे, १९५२ पासून. पुण्याला डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी, जवळ म्हणाल तर धारवाड. पण मी बघितलेले सगळ्यात चांगले एज्युकेटर गोष्ट ऐकून घेणारे आहेत, आणि त्याचा कोर्स कुठं नाही.

पैसे?

मानधन. पुढचा प्रश्न.

शेतात नांगरताना जुनं नाणं किंवा मूर्ती सापडली तर?

व्हॉट्सअॅपवर टाकू नका आणि सोनाराकडं नेऊ नका. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून चालू आहे, दहा रुपयांवर किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला, म्हणजे आपल्याकडं डीसी ऑफिसला, कळवावं लागतं. तलाठ्याला सांगा, पंचायतीत सांगा. आणि घासूनपुसून चमकवू नका, चिंच तर अजिबात नको! हिरवा गंज म्हणजे त्या नाण्याचं अंगरखं आहे, ते काढलं की अक्षरंपण जातात. कुठल्या बांधाला, किती खोल, शेजारी खापरं होती का, हे लिहून ठेवा. नाण्यापेक्षा ते जास्त कामाचं असतं.

आमच्या आजीचं घंगाळ आहे, म्युझियमला देऊ का?

आधी आजीला विचारा. खरंच, बहुतेक जण विचारत नाहीत. आणि देणार असाल तर घंगाळासोबत आजीचं दहा मिनिटांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या, पाणी कुठनं आणायची, आंघोळीचा नंबर कसा लागायचा. नुसती घंगाळं आमच्याकडं चार आहेत.

सगळं गूगलवर आहे, मग पोरांनी येऊन काय बघायचं?

वजन. मापटं किती जड आहे ते गूगलवर कळत नाही.

आमच्या शाळेत याल का?

येते की. पंचवीस-तीसच्या वर पोरं एका वेळी बसवू नका, बाकं बाजूला सरकवून मधे जागा करा, आणि सरांना मागच्या बाकावर बसवा. एखादा पोरगा फक्त बसस्टॉपवर पाठवा, पेटी एकटीला उचलत नाही.